आडवा पडदा

लालबागच्या नाक्यावर जेवढे चेहरे लटकायचे, ते सगळे आधी दौलत पेडणेकरच्या हातून जायचे. वाढदिवसवाले, निवडून आलेले, बारावी पास झालेले आणि वर गेलेले. चाळीच्या जिन्याखाली त्याची टीचभर खोली, तिथे बसून तो लॅपटॉपवर बॅनर जुळवायचा. टक्कल झाकायचा, डाग पुसायचा, रडक्या तोंडावर उजेड पाडायचा. "मेलेला माणूससुद्धा माझ्याकडून ताजातवाना होऊन जातो," असं तो चारचौघांत सांगायचा आणि त्याची बायको शेवंती कपाळावर हात मारायची. "जिभेक काय हाड तुमच्या!"

माणूस वाईट नव्हता हो. फक्त आपल्या डोळ्यांवर भारी विश्वास. चेहरा ओळखावा तर दौलतने, असं सगळ्या नाक्याने म्हणून म्हणून त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

ही गोष्ट चाळीत घरोघरी स्मार्टफोन येण्याच्या जराशी आधीची. दौलतची एकुलती एक मुलगी रुपाली लग्न करून मस्कतला गेली होती. जावई विनीत, कंपनीत चांगल्या जागेवर, बोलायला मिठ्ठास. तिचं तोंड बघायचं तर लॅपटॉपवर, दर शुक्रवारी दुपारची जेवणं आटपल्यावर. शुक्रवारीच, कारण विनीतला सुट्टी तेव्हा असायची. तो घरात नसताना पोरीचा कॉल कधीच का येत नाही, हा प्रश्न काही कोणाच्या डोक्यात शिरला नाही.

दौलतचा जुना लॅपटॉप चौकोनी पडद्याचा, आणि शेवटच्या घटका मोजत होता. तसला दुसरा बाजारात मिळेना. दुकानदार हसून म्हणाला, "काका, चौकोनी आता विसरा, सगळं सिनेमासारखं आडवं निघतंय." तेवढ्यात विनीतनेच एका मित्राबरोबर नवाकोरा लॅपटॉप पाठवला. लांबलचक, आडवा, चकाचक. "बाबा, ह्यात तुमची मुलगी मोठी दिसेल," असा वर निरोप. दौलत विरघळलाच. आल्यागेल्याला जावयाचं कौतुक ऐकवून त्याने नुसता वात आणला.

पण नव्या पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी. चष्मा पुसला, मान पुढे काढली, काही जमेना. मग त्याने सेटिंगमध्ये जाऊन जुन्या लॅपटॉपच्या पडद्याच्या मापाचे आकडे टाकले. एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट. ते त्याला झोपेतून उठवलं तरी पाठ होते. अक्षरं टम्म झाली, पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला, आणि दौलत खूश! घोडचूक केली ती इथे, आणि करताना गडी शीळ घालत होता. चौकोनासाठी बेतलेलं चित्र त्या आडव्या पडद्याने दोन्ही बाजूंनी ओढून घेतलं होतं. पडद्यावर लावलेल्या फोटोतले बाप्पासुद्धा फुगून बसले. "बाप्पा सुटले हां जरा," एवढंच तो म्हणाला.

दोन-चार दिवस खटकलं, मग डोळे सरावले. गिऱ्हाइकांचे फोटो मात्र जाडे वाटायचे. "हल्ली माणसंच सुटलीयेत, वडापाव दुसरं काय," असं म्हणत तो फोटोची कड धरून आत ढकलायचा आणि त्याच्या डोळ्यांना बरा दिसेपर्यंत चेहरा बारीक करायचा. नाक्यावर बारीक दिसायला गिऱ्हाइकांचीही ना नव्हती.

पुढच्या शुक्रवारी रुपाली पडद्यावर आली आणि शेवंती टाळी वाजवून ओरडली, "अगो बाय माझे! केवढी भरलीस गो!"

खरंच गाल वर आले होते. खांदे रुंद. लग्नाच्या वेळची काटकुळी पोर कुठच्या कुठे गेली होती. शेवंतीने लगेच आडून आडून विचारलं, काही गोड बातमी आहे का म्हणून. रुपालीने आधी बाजूला बघितलं. तिथे विनीत बसलेला असायचा, त्याची नुसती बाही दिसायची, पांढरी आणि कडक इस्त्रीची.

"आई," ती म्हणाली, "खरंच मी बरी दिसते?"

"बरी?" दौलत गडगडाटी हसला. "टमटमीत दिसतेस! आरशात बघत नाहीस काय?"

त्यानंतर दर शुक्रवारी तेच. पोर यायची, हसायची, एक हात वर करून केस कानामागे सारायची. पुन्हा पुन्हा सारायची. बांगड्या घसरत कोपरापर्यंत जायच्या. शेवंतीला एकदा चमकल्यासारखं झालं. "बांगड्यो सैल कशा गो इतक्या?" रुपालीने तोंड उघडलं, पण उत्तर बाहीकडून आलं. "मोठ्या मापाच्या घेतल्यात आई, हिला फॅशन!" सगळे हसले. रुपालीचा हात तसाच वर राहिला होता.

एकदा ती पटकन बोलून गेली, "बाबा, मी येऊ का थोडे दिवस?"

गणपतीचे दिवस जवळ आलेले, दौलतच्या डोक्यावर मंडळांच्या बॅनरचा डोंगर. "अगं, गणपतीला ये की ऐटीत! लग्नानंतरचे पहिले गणपती, नाहीतरी बोलावणारच होतो. आत्ता कशाला जीव दमवतेस? तब्येत तर झक्कास आहे."

"गणपतीला," ती म्हणाली. बाही हलली, आणि कॉल बंद झाला. त्या रात्री शेवंती जेवली नाही. "माका काय बरा वाटणा नाय," एवढंच म्हणत राहिली. दौलत तिच्यावर खेकसला. मुलगी डोळ्यांसमोर धडधाकट दिसतेय आणि ही बाई अपशकून करत बसलीय!

आणि असं करता करता बाबुरावांचा बॅनर आला.

बाबुराव म्हणजे मंडळाचे जुने अध्यक्ष, पंच्याहत्तरी पूर्ण केलेले, कुस्तीच्या दिवसांपासूनचे गुबगुबीत गाल शाबूत असलेले. बंडू कार्यकर्त्याने त्यांचा शुभेच्छांचा बॅनर सकाळी नाक्यावर चढवला. तासाभरात बाबुरावांच्या दारात माणसं यायला लागली, चपला काढून, खालमानेने. एका म्हातारीने तर जिन्यातच गळा काढला. वरचं 'अभिनंदन' वाचलंय कोणी? चेहराच तसा छापलेला. गाल आत, डोळे खोल. लालबागेत असा चेहरा नाक्यावर लागला की लोक समजायचं ते समजतात. आणि दार उघडलं स्वतः बाबुरावांनी, हातात चहाचा कप!

दुपारी जेवणं आटपतात तोच बंडू जिन्याखाली आला तो शिव्या घालतच. "दौलतकाका, जित्या माणसाला पोचवलात तुम्ही! टीबी झाल्यासारखा केलाय! काय बघत होतात काय?"

दौलत चिडला. "माझ्या पडद्यावर ये आणि बघ!" त्याने बॅनर उघडला. पडद्यावर बाबुराव ठणठणीत. मग त्याने बाबुरावांचा मूळ फोटोही पडद्यावर उघडला, त्याची कागदी प्रत शेजारी धरली, आणि बघतच राहिला. पडद्यावरचे गाल कागदावरच्यापेक्षा रुंद होते. त्याने घाईघाईने पडद्यावर एक गोल काढला. डब्याचं स्टीलचं झाकण त्याच्यावर टेकवलं. झाकण गोल होतं. पडद्यावरचा गोल दोन्ही बाजूंनी झाकणाबाहेर आला होता, आडवा, अंड्यासारखा.

"च्यायला," दौलत हसायला लागला, "म्हणजे हा सगळ्यांनाच जाड करतो!"

बंडूही हसला. मग दौलतचं हसू मध्येच थांबलं. सगळ्यांनाच, हा आपलाच शब्द त्याच्या कानात राहिला होता.

"बंडू, हे नीट कर," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटेना. बंडूने दोन ठिकाणी बोट दाबलं. अक्षरं पुन्हा मुंगीएवढी झाली, चित्रं जागच्या जागी आली. बाप्पा बारीक झाले. दौलतने शेवंतीला हाक मारली. शुक्रवारच होता, वेळही झालीच होती.

घंटी गेली. रुपाली पडद्यावर आली.

शेवंतीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. समोर गालांची हाडं होती. मानेच्या शिरा होत्या, ब्लाऊजच्या बाहीतून काठीएवढा दंड आला होता. पोरीने सवयीने हात वर केला, केस कानामागे सारले, आणि बांगड्या खळकन कोपराशी गेल्या. किती महिने ती हे करत होती, अरे देवा! फॅशन नव्हे ती. बोलता येत नव्हतं म्हणून ती हात वर करून दाखवत होती, आणि इकडे तिचा बाप हसत होता.

"बाबा," ती दर वेळेसारखं म्हणाली, "कशी दिसते मी?"

दौलत पडद्याजवळ सरकला. "वाळलीस गं बाळा," तो म्हणाला. "पार वाळलीस तू."

रुपालीचा चेहरा हलला. ती रडेल असं वाटलं, पण ती हसली. सुटल्यासारखी हसली. "दिसलं," ती म्हणाली. "दिसलं तुम्हाला, बाबा."

बाजूने बाही पुढे आली. ह्या वेळी हात दिसला, घड्याळासकट, सावकाश वर जाणारा. विनीतचा मिठ्ठास आवाज आला, "आज नेट बरोबर नाही हां बाबा." आणि तिकडच्या लॅपटॉपचं झाकण खाली आलं.

दौलतने पुन्हा लावला. पुन्हा लावला. विनीतचा मोबाईल लावला, तो बंद. घंटी नुसती जात राहिली. बंडू दाराशी उभा होता, जावं की थांबावं, त्याला कळेना.

"जा ना," शेवंती दौलतला हलवत होती. "घेऊन या माझ्या पोरीक. बसलात काय? जा!"

मस्कतला जायचं म्हणजे पासपोर्ट लागतो. तो दोघांपैकी कोणाकडेच नव्हता. तिच्या घराचा पत्ता म्हणून त्याच्याजवळ होता तो फक्त विनीतचा बंद फोन नंबर.