काळ्या लाकडाचा बूट

सिराज सिद्दी मस्कतला आला तेव्हा अर्बाब, म्हणजे मालक, त्याच्याशी पहिल्याच दिवशी भलत्याच भाषेत बोलू लागला. अर्बाबाची आई आफ्रिकेतल्या झांजिबारची. त्याचाही रंग सिराजसारखाच, केसही तसेच बारीक कुरळे. अर्बाबाला वाटलं, आपल्याच मुलखाचा माणूस मिळाला. सिराज म्हणाला, "अर्बाब, मैं मुरुड का." अर्बाबाला मुरुड कुठून ठाऊक असणार? तो हसला, पाठीवर थाप मारली आणि एसी दुरुस्तीची पेटी हातात दिली. त्यानंतर बौशरच्या त्या वर्कशॉपात कोणी सिराजला विचारलं नाही, की बाबा तू कुठला. तिथं तो रंग मालकाचाच होता ना.

विचारायचे ते आपलेच.

मुरुडकडच्या त्याच्या गावात सिद्द्यांची दोनच घरं, खाडीच्या कडेला. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबापुढं याच गावचे आजेपणजे कंबर मोडेपर्यंत वाकले, आणि नवाबही सिद्दीच. राज्य गेलं, तसा वाकायचा त्रास गेला. सिराजची आई अमीरुन्निसा लग्नकार्याला गेली की तिला बसायला जागा व्हायची, पण ती भांडी घासणाऱ्या बायकांच्या बाजूला. तिथून तिला कोणी कधी उठवलं नाही. आणि पुढं ये असंही कोणी म्हटलं नाही. सात पिढ्या त्या खाडीचं पाणी प्यालेली बाई, तरी गावात कोणी नवं आलं की आधी तिच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगायचे.

सिराजला पाय मात्र देवाने सवडीने घडवून दिले होते. ओमानात कोकणच्या गावागावांचे फुटबॉलचे संघ होते. थंडी सुरू झाली की दर जुम्म्याच्या सुट्टीला सकाळी बौशरच्या वाळूच्या टेकड्यांखाली सामने लागायचे. शेवटच्या सामन्यात जो सगळ्यात चांगला खेळेल त्याला चांदीच्या रंगाचा मोठा कप. आणि त्या कपाचा एक रिवाज होता. तो खेळाडूकडे राहायचा नाही. रजेवर जाणाऱ्या माणसाबरोबर गावी जायचा आणि खेळाडूच्या आईच्या घरी वर्षभर बसायचा. गावच्या बायका बघायला यायच्या, तोंडात साखर घालायच्या आणि त्या वर्षी त्या आईला जिथं तिथं पुढं बसवायच्या.

सिराजला तो कप हवा होता तो एवढ्याचसाठी. बायकोलाही त्याने कधी सांगितलं नाही, पण कुलसुमला काय कळायचं राहतं? ती शाळेच्या बसवर आया होती, संध्याकाळी येऊन त्याची वाळू भरलेली जर्सी धुवायची. म्हणायची, "एवढं पळून एसीवाल्याला गार वारा तरी मिळतो का?" तो म्हणायचा, "मायला मिळेल."

दोन हजार सालानंतरची गोष्ट. संघाची आणि बक्षिसांची सगळी व्यवस्था बघायचा गावचाच महमूदभाय, ओमानातच खाबुऱ्यात त्याचं हार्डवेअरचं दुकान. मोठ्या मनाचा, आणि मोठ्या मनाची स्वतःलाच खबर असलेला. त्याच्या घरी डिशचा टीव्ही. एकदा सगळे बसले असताना टीव्हीवर दाखवलं, की युरोपात बेल्जियम म्हणून देश आहे, तिथं दरवर्षी आफ्रिकेच्या वंशाच्या उत्तम खेळाडूला काळ्या लाकडाचा बूट बक्षीस देतात. एक उंच काळा पोरगा तो बूट छातीशी धरून उभा होता आणि गोरे लोक उठून टाळ्या वाजवत होते. सिराजच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय मान दिला बघा माणसाला," तो म्हणाला.

महमूदभायने ते डोळे बघितले. तिथंच घात झाला.

पुढं त्याने सिराजचा एक जुना बूट मागून नेला, मापाला पाहिजे म्हणून. सिराजला वाटलं, संघाला नवे बूट येणार.

शेवटच्या सामन्यात तिन्ही गोल सिराजचे. आदल्याच दिवशी अमीरुन्निसाने शेजाऱ्यांच्या फोनवरून कळवलं होतं, की सुताराकडून पुढच्या खोलीत कपासाठी फळी मारून घेतली आहे, दारातून आत येणाऱ्याला पहिली दिसेल अशी.

बक्षिसाच्या वेळी नाव पुकारलं ते मुजम्मिलचं. महमूदभायचा भाचा, मस्कतच्या अल् खुवैरला ऑफिसात. बरा खेळायचा. त्याने कप घेतला आणि खाली वाळूकडे बघत राहिला. मग महमूदभायने माईक तोंडाशी धरला. "आता युरोपात देतात तसा मान. आफ्रिकेच्या वंशाचा उत्तम खेळाडू, आपला सिराज!" आणि पिशवीतून काढला बूट. काळा, पॉलिश केलेला, लेस सुद्धा कोरलेली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे माणसाला चारचौघांत बूट म्हणजे काय, हे त्या टाळ्यांत एकालाही आठवलं नाही.

"महमूदभाय," सिराज हळूच म्हणाला, "मी गावचा म्हणून खेळलो."

"अरे, तू गावचाच! पण कप काय, कोणालाही मिळतो. हा मान आपल्याकडे दुसऱ्या कोणाला देता येईल, सांग?"

सिराज बूट काखेत मारून निघाला.

गाड्यांजवळ मुजम्मिलने त्याला गाठलं. "भाय, कप तू ने. मी कोणाला बोलणार नाही."

"चोरून नेलेला कप मायला काय दाखवू?" सिराज म्हणाला.

घरी छोट्या अंबरीनने बूट उलटासुलटा केला. "अब्बा, एकच शू? दुसरा कुठे?"

"दुसरा त्यांच्या पायात," कुलसुम म्हणाली.

महिन्याभरात महमूदभाय रजेवर निघाला. कप नेणार होताच. म्हणाला, "बूट पण दे. रिवाज तो रिवाज, चाचीकडे पोचवतो."

"नका देऊ," कुलसुम नवऱ्याला आत बोलावून म्हणाली.

"नाही दिला तर म्हणतील, मान दिला, तो पचला नाही." आणि त्याने बूट कागदात गुंडाळून दिला. आईला आधी फोन करावा, असं चार वेळा मनात आलं. सांगायचं काय, ते सुचलं नाही.

अमीरुन्निसाकडे बायका साखर घेऊन जमल्या होत्या. महमूदभायने कागद सोडला. म्हातारी पुढं वाकली.

"हे काय, भाय?"

"युरोपात देतात, चाची. आफ्रिकेच्या खेळाडूला."

"आफ्रिका कुठून आली? मी तर अलिबागच्या पुढं गेले नाही." मग तिने विचारलं, "गोल कोणी घातले?"

"तिन्ही सिराजने."

"आणि कप?"

"मुजम्मिलच्या आईकडे. पण हा मान वेगळाच, चाची." तो चहा न घेताच उठला, अजून चार घरी जायचं होतं.

तो गेल्यावर अमीरुन्निसाने बूट उचलला. फळीकडे गेली नाही. उंबऱ्याबाहेर बायकांच्या चपला होत्या, त्यांच्या ओळीत तो नेऊन ठेवला, टोक रस्त्याकडे करून. "बूट आहे ना," ती म्हणाली, "मग त्याची जागा ही." कोणी साखर पुढं केली नाही. जाताना प्रत्येकीला त्या बुटाशेजारून आपली चप्पल काढून घ्यावी लागली.

फोनवर ती लेकाला एवढंच म्हणाली, "फळी रिकामी आहे रे बाबा. तिच्यावर मी काही ठेवत नाही."

पुढच्या थंडीत महमूदभायचा निरोप आला, की यंदा बुटाला सोन्याचं पाणी देऊ. सिराज मैदानावर गेलाच नाही. जुम्म्याला वर्कशॉप उघडून बसायचा. अर्बाब म्हणायचा, "यल्ला सिराज, घरी जा." तो म्हणायचा, "काम आहे." काम काही नसायचं.

काही वर्षांनी अमीरुन्निसा गेली. सिराज पोचला तेव्हा दफन उरकलं होतं. फळी भिंतीवर तशीच होती, पुसलेली. महमूदभायही तेव्हा गावातच होता, तो दुखवट्याला आला. दाराशी चपला काढायला वाकला तर शेजारी बूट. ऊनपावसाने त्याचं पॉलिश उडालं होतं, चिरा गेल्या होत्या. महमूदभायचे डोळे भरून आले.

"अजून जपून ठेवलाय की चाचीने," तो म्हणाला.

"होय, भाय," सिराज म्हणाला. "मायने शेवटपर्यंत जागचा हलवला नाही."