अक्काच्या कोपरात बसलेली रायफल

मुलांनो, पणजोबांची रायफल कुठे गेली, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. ती अक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे, जयनगरला गेली. कशी गेली, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

नव्वदच्या दशकात माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, आमचे अप्पा, वारले. कायद्याप्रमाणे रायफल बंदुकांच्या दुकानात जमा करावी लागली. वारस आम्ही दोघी बहिणीच. अक्काच्या नावावर परवाना व्हायचा तर माझं ना-हरकत पत्र हवं होतं. मी म्हटलं, आधी किंमत करून घेऊ, मग सही करते. माझा काटेकोर स्वभाव सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. खरी गोष्ट अशी की ती अक्काला मिळू नये असं मला वाटत होतं.

लहानपणी अप्पा शिकारीला निघाले की जीपमध्ये अक्का असायची. मला कॉन्व्हेंटात घातलेलं, म्हणून "तुझा अभ्यास आहे" एवढंच उत्तर मिळायचं. आयुधपूजेला रायफल पाटावर ठेवली जायची. नळीला ओल्या गंधाची बोटं अक्का ओढायची. मी झेंडूची फुलं पुढे करायची. अक्का म्हणायची, ही विलायतेत एका साहेबासाठी मुद्दाम घडवलेली रायफल आहे. ते ऐकूनही माझ्या पोटात दुखायचं.

किंमत करायला आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदार साठीचे, मृदू बोलणारे कानडी गृहस्थ होते. बोल्ट काढून त्यांनी आधी रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि मग भिंगातून पाहत राहिले.

"साहेबाची आहे ना?" अक्काने विचारलं.

"स्वल्प थांबा, अम्मा." त्यांनी नळीवर बोट फिरवलं. "ही पायरीपायरीने बारीक होत जाते, बघा. शिकारीची नळी अशी नसते. ही शिपायाची रायफल. लढाई संपल्यावर लष्कराने विकून टाकलेली. पुढचं लाकूड कुणीतरी कापलं, नेम धरायची जुनी माशी घासून काढली आणि शिकारीची म्हणून विकली. बोल्टवरचा नंबर एक, अंगावरचा दुसरा."

मला इतका आनंद झाला की मी पर्समधून रुमाल काढून उगाच तोंड पुसलं.

"आणि हे खड्डे?" त्यांनी नळीवरच्या तीन तांबूस रेघा दाखवल्या. "पूजेला ओलं गंध लावून तसंच ठेवत होता?"

"मी नाही, ही," मी लगेच म्हटलं.

"झालं समाधान?" अक्का म्हणाली. "इंग्रजीवाली! कधीची वाट बघत होतीस."

मग त्यांनी रायफल उलटी केली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "खरं नुकसान इथे आहे. दस्ता मागून दोन बोटं कापलाय. हे काम नंतरचं, निराळ्या हाताचं. आता मोठ्या माणसाच्या खांद्याला ही बसणार नाही. त्यामुळे घेणारा मिळणं कठीण." त्यांनी सांगितलेली किंमत आमच्या येण्याजाण्याच्या रिक्षाभाड्यापेक्षा जास्त होती, एवढंच म्हणता येईल.

"न कापता असती तर?"

त्यांनी सांगितलं. ती चौपट होती.

"पण कुणासाठी कापली असेल?" ते स्वतःशीच म्हणाले. दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवायचा आणि बोट चापापर्यंत नेमकं पोचतं का ते पाहायचं, अशी मापाची रीत त्यांनी दाखवली. मी उंच, माझं बोट चापाच्या बरंच पुढे गेलं. अक्का चौदाव्या वर्षी वाढायची थांबली, ती तेवढीच राहिली. तिने हात वाकवला. बोट चापावर अलगद जाऊन बसलं.



"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"अप्पा सुताराकडे गेले तेव्हा मीच बरोबर होते की. माप माझंच घेतलं. मला वाटलं, तुला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. रायफल साहेबाची असती तर मी अजून भांडले असते. अप्पांनी एक चांगली वस्तू अक्कासाठी कापून कायमची मातीमोल करून टाकली होती, आणि तसं माझ्यासाठी त्यांनी काही कापल्याचं मला आठवेना. अशा वस्तूत मी माझा वाटा कसा मागणार?

मी कागद मागून घेतला आणि तिथेच काउंटरवर सही केली.

"वाच तरी," अक्का म्हणाली. "व्याकरण चुकलं असेल."

"सरी," मी दुकानदारांसारखं कानडीत 'बरं' म्हटलं, "तुझ्याच मापाचं आहे."

त्या वर्षी आयुधपूजेला तिने मला जयनगरला बोलावलं आणि गंधाची वाटी माझ्या हातात दिली. नळीला मी हात लावला नाही. दस्ता जिथे कापला होता तिथे लाकडावर एक बोट ओढलं. जरा जोरातच ओढलं.