बाळंतिणीचं पाणी

बाळंतिणीचा आहार हे शास्त्र आहे आणि शास्त्रात दयामाया नसते. परवा सुनेने ओव्याचं पाणी उकळलं आणि त्या वासासरशी मी वणीच्या बंद खोलीत पोचले. साठ-एकसष्टचा मे महिना, बाजेखाली शेगडी, कुशीत पाच दिवसांची लेक. डिंकाचे लाडू हवे तेवढे. पाणी मात्र दिवसाला वाटीभर, तेही ओव्याचं आणि कोमट. जीभ टाळूला चिकटली होती.

“गार पानी देसान तं लेकराले सर्दी होईन,” हा आत्यासासूबाईंचा निकाल. दुपारी त्यांचा डोळा लागला, तशा सासूबाई पदराआड तांब्या घेऊन आत आल्या.

“पी लवकर. मले बी माह्या सासूनं असंच चोरून पाजलं होतं.”

माठातलं पाणी मी घटाघटा संपवलं, तोच आत्यासासूबाई दारात उभ्या.

“तांब्या कायले आनला इथं?”

“मले तहान लागली, बाई,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

तेव्हा त्या मला घाबरट वाटल्या. आता वाटतं, नियम मोडताना आवाज करायचा नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लेकीला काही झालं नाही. त्या आठवड्यात घरात सर्दी झाली ती एकट्या आत्यासासूबाईंना.