मॅडमचा बदला

"थांब, तुहा बदला घेईन मी!" असं म्हणून आमच्या मॅडम पदर खोचायच्या आणि पुस्तकांच्या पेटीकडे वळायच्या. पोरं खुदखुदायची. या बाईचा बदला कसा असतो, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

भातकुलीकडच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. एखाद्यानं कुणाला 'काळी' म्हटलं, की त्याच्या हातात सावळ्या मुलीच्या गोष्टीचं चित्रांचं पुस्तक यायचं. जिला हसला, तिच्याच शेजारी बसून ते न अडखळता वाचून दाखवायचं. लंगडणाऱ्या पोराची नक्कल केली, तर चाकाच्या खुर्चीतून पतंग उडवणाऱ्या मुलाची गोष्ट. तुम्ही म्हणाल, ही कसली शिक्षा! पण वर्गातली सगळ्यांत वांड कार्टी सगळ्यांत फडाफडा वाचायला लागली. "भांडू द्या सर त्यायले," मॅडम म्हणायच्या, "वाचतात तरी."

एका जुलैत पहिलीत रामकली आली. संत्र्याच्या बागेची राखण करायला मेळघाटातून आलेल्या कोरकू आदिवासी जोडप्याची मुलगी. दुसऱ्याच दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष दारात उभे.

"हे पोरगी आमच्या पोरायजवळ काहून बसवली? मागं बसवा, नाई तर नाव काढा."

"तुमचाबी बदला घ्या लागन, भाऊ," मॅडम हसून म्हणाल्या. अध्यक्षांना ती गंमत वाटली. रामकली पहिल्या रांगेतच राहिली आणि ते कुरकुरत राहिले.

पेटीत कोरकू मुलीचं पुस्तक नव्हतं. मॅडमनी ते स्वतः काढलं, ड्रॉइंगच्या कागदांवर, तेलखडूंनी. सव्वीस जानेवारीला पाहुण्यानं भाषणाऐवजी पोरांना गोष्ट वाचून दाखवायची, ही पद्धतही त्यांनीच पाडलेली. त्या वर्षीचे पाहुणे अध्यक्षच. त्यांनी माइकसमोर मॅडमचं ते पुस्तक उघडलं, दोन पानं झोकात वाचली, आणि तिसऱ्या पानावर त्यांची स्वतःशीच गाठ पडली. त्याच मिशा, तोच पिवळा दुपट्टा, आणि बोट एका लहान मुलीकडे. खाली लिहिलं होतं, 'हिला मागं बसवा.'

अध्यक्ष थांबले. पोरांना गोष्ट पाठ होती. ती एका सुरात ओरडली, "काहून? तिले शिंगं हायेत का?"

अख्खा गाव हसला. माझ्या तर डोळ्यांतून पाणी आलं.

अध्यक्षांनी जिल्हा परिषदेत वजन वापरलं आणि महिन्याच्या आत बदलीचा हुकूम आला. मॅडमना मेळघाटात पाठवलं होतं, शिक्षा म्हणून.

"पाहा सर," एसटीची वाट पाहताना त्या म्हणाल्या, "बदला घ्यायलेबी अक्कल लागते. यानं तं मले कोरकू पोरायची शाळाच देल्ली!"

त्या हसत होत्या. मला हसू आलं नाही. त्यांचं घर अमरावतीला, घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि हे अध्यक्षांना चांगलं माहीत होतं. मी काही क्षमा करणारा माणूस नाही. तो राग मी अजून जपून ठेवला आहे.

मॅडम गेल्या त्याच आठवड्यात अध्यक्ष पुन्हा दारात आले. आता चारही वर्ग माझ्याकडे होते.

"आता तरी ते पोरगी मागं बसवा, सर."

मी रामकलीला फळ्यापाशी बोलावलं आणि तिनं कधी न पाहिलेलं पुस्तक तिच्या हातात दिलं. "वाच, बेटा." घरी तिच्याशी कुणी मराठी बोलत नव्हतं. तरी ती शब्दाशब्दावर बोट ठेवत वाचू लागली. एकही अक्षर सुटलं नाही. पान संपायच्या आत अध्यक्षांनी पाठ फिरवली आणि ते तरातरा मोटरसायकलकडे निघाले.

"मोठ्यानं," मी म्हटलं. "अजून मोठ्यानं, रामकली. साहेब फाटकापाशी पोचले."