चहाडखोर यंत्र आणि आमची आत्या

आमच्या आत्याला आयुष्यात कधी काही झालं नाही. म्हणजे झालं सगळं. भात कापताना विळा पोटरीत घुसला, दोनदा विंचू चावला, एकदा म्हशीने भिंतीशी दाबून बरगडी मोडली. पण विचारायला गेलात की उत्तर एकच, "मला काय धाड भरलीय?" बरगडी मोडलेली असतानाही तिने मला हेच ऐकवलं आणि वर चहा करून पाजला. पातेलं उचलताना तिचा चेहरा कळवळत होता. तो आपण पाहायचा नाही, एवढाच तिचा आग्रह.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. माहेर वेल्ह्याकडचं, दिलेली किकवीला. आमच्या गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती, म्हणून वडिलांनी मला तिच्याकडे आणून सोडलं आणि दहावीपर्यंत मी तिच्याच हातचं खाल्लं. तिला मूलबाळ नव्हतं, यजमानही लवकर गेले. विनायक हे नाव तिच्या तोंडी कधी बसलंच नाही. मी पुण्यात कारखान्यात तपासनीस झालो, केस पिकले, लेक लग्नाला आली, तरी किकवीच्या स्टँडवर उतरलो की मी आपला इन्याच.

तिच्या दोन खोल्यांच्या घराला कुलूप लागलेलं मी कधी पाहिलं नाही. दुपारी कुणी ना कुणी बाई येऊन बसलेली असायचीच. सासू काय म्हणाली, नवऱ्याने काय दिवे लावले, भावाने माहेरी कसं तोंड फिरवलं, सगळं आत्याच्या कानात. आत्या शेंगा फोडत ऐकायची, आणि ऐकलेलं कधी बाहेर पडायचं नाही. मी लहानपणी खोदून खोदून विचारायचो, तर "तुला रं कशाला पायजे बायकांच्यातलं? भाकरी खा," म्हणून ताट पुढे सरकवायची.

चार-पाच वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात ती अंगणात चक्कर येऊन पडली. शेजारच्या घरातली सून, सुमन, धावली म्हणून बरं. भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं, बीपी चांगलाच वाढलाय, रोज गोळी घ्यायची आणि रोज घरी मोजायचं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. आत्या चुलीपुढे. "पाय घसरला," म्हणाली. "अंगणात कुठं घसरतं गं? कोरडं ठणठणीत आहे," मी म्हणालो. त्यावर तिने मला चूल फुंकायला लावली.

मग आम्ही यंत्र घ्यायला भोरच्या बाजारपेठेत गेलो. मेडिकलवाला मोठा काटेकोर माणूस निघाला. त्याने काउंटरवर तीन यंत्रं मांडली आणि आधी टेपने आत्याचा दंड मोजला. म्हणाला, पट्टा दंडाला नीट बसला पाहिजे, आखूड झाला तर आकडा उगाच जास्त येतो. आयुष्यभर पाण्याच्या कळशा आणि भाताचे भारे उचललेला दंड तो, नेहमीचा पट्टा त्याला पुरेना. त्याने आतून मोठा काढला. मला माणूस एकदम पटला. मापं घेण्यावरच माझं पोट.

आत्याला पसंत पडलं होतं मनगटावरचं. "घड्याळावानी हाय. ह्येच घ्या."

"आजी, ते तुम्हाला नको," मेडिकलवाला म्हणाला. "हात जरा खालीवर झाला की आकडा बदलतो. हे दंडाचं घ्या, साधं आहे. आणि हे तिसरं स्मार्ट. ह्यात मोजलं की आकडा लगेच दादांच्या मोबाईलवर जातो, पुण्याला."

आत्याने तिसऱ्या यंत्राकडे असं पाहिलं, की मला त्या यंत्राची दया आली. "म्हंजी घरातलं बाहेर सांगतंय? चहाडखोर हाय की! नगं बाई. ते मदलं द्या. मोजतंय अन् गप बसतंय."

मी अडून बसलो. साधं यंत्र घेऊन दिलं तर ती मला रोज फोनवर काय सांगणार, हे मला पाठ होतं. बाहेर येऊन आम्ही रसवंतीच्या बाकड्यावर बसलो. तिथे मी ते वाक्य बोललो, ज्याची मला आजही लाज वाटते. "हे बघ आत्या, सरळ सांगतो. आकडा चांगला राहिला तर तू इथं खुशाल राहा. वाढला, तर मी तुला पुण्याला घेऊन जाणार. मग मी काही ऐकणार नाही."

पुण्याला ती एकदाच आठ दिवस राहून गेली होती. परत निघताना माझ्या बायकोला म्हणाली होती, "तुमचं समदं ब्येस हाय, पर हितं दार लावून बसायचं, न्हाईतर दार लावून निजायचं." तरी त्या दिवशी बाकड्यावर ती जराही भांडली नाही. ग्लास खाली ठेवून "बरं," म्हणाली. आमची आत्या आणि पहिल्या फटक्यात बरं म्हणते! तिथेच मला शंका यायला हवी होती. पण मी आपला विजयी वीर, चहाडखोर यंत्र काखोटीला मारून निघालो.

आत्याचा मोबाईल बटणांचा, म्हणून यंत्राचं ॲप सुमनच्या मोबाईलमध्ये घातलं. ठरलं असं, की सुमनने रोज सकाळी सातला येऊन आत्याला पट्टा बांधायचा आणि बटण दाबायचं. दुसऱ्या दिवसापासून माझा मोबाईल सकाळी टिंग करू लागला. ११८/७६. ११४/७२. ११६/७४. मी हरखलो. कारखान्यात चारचौघांना दाखवत सुटलो, "सत्तरी उलटलीय आमच्या आत्याची, आणि बीपी बघा, कॉलेजच्या पोरीचा!" अहो, कारखान्यात माल असा रोज अगदी एकसारखा यायला लागला तर मी आधी मोजायचं गेजच तपासायला घेतो. घरच्या बाबतीत मात्र अक्कल गहाण. तीन महिने मी निवांत झोपलो.

मग माझ्या लेकीचा साखरपुडा ठरला. आत्या आदल्या दिवशीच पुण्याला आली. सकाळी आम्ही चहा घेत होतो. ती समोर बसून खारी बुडवून खात होती आणि माझा मोबाईल वाजला. पाहतो तर, आत्या, ११६/७४.

मी मोबाईलकडे पाहिलं. मग आत्याकडे पाहिलं.

"आत्या, तू कुठंयस?"

"हितं. का? डोळं गेलं का तुजं?"

"मग किकवीत बीपी कुणाचा मोजला आत्ता?"

तिने हातातली खारी आधी संपवली. तोंड पुसलं. "सुमन बी ना! म्हनलं हुतं तिला, दोन दीस ऱ्हाऊ दे. लई नेमाची पोर. येक दीस चुकवायची न्हाई."

म्हणजे पहिल्या दिवसापासून पट्टा सुमनच्या दंडाला! धडधाकट तिशीतली बाई, तिचा बीपी कशाला वाढतोय? माझ्या डोक्याची शीर तडकली. तसंच तिला इमारतीखालच्या दवाखान्यात नेलं. १८६/१०४. डॉक्टरांनी विचारलं, आजी, गोळ्या रोज घेता ना? तर म्हणे, एक दिवसाआड.

"एक दिवसाआड?" मी ओरडलोच.

"आकडा तर बरा येतोय की! मग रोज कशाला प्वाट भरायचं गोळ्यांनी?"

"अगं तो सुमनचा आकडा आहे!"

त्यावर ती पदर नीट करू लागली. मला वाटतं, तीन महिन्यांत तिलाच त्याचा विसर पडला होता. डॉक्टर हसू दाबत चिठ्ठी लिहीत होते. मला हसू येत नव्हतं. ही बाई त्या बीपीवर तीन महिने एकटी राहिली, पाणी शेंदलं, लाकडं फोडली, आणि मी मोबाईल मिरवत फिरलो, हे मनातून जात नव्हतं. जिना चढताना मी सुनावलं, आठ दिवसांत बांधाबांध करायची, किकवी संपली. ती माझ्या मागून एकेक पायरी चढत होती. साखरपुड्यात तिने सगळं केलं, नातीची ओटी भरली, व्याह्यांशी हसून बोलली. पानावर मात्र तिने भात नुसता चिवडला.

पाहुणे गेल्यावर माझ्या बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "त्या खोटं का बोलल्या, विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? स्वभावच आहे तो."

"स्वभाव नाही. आकडा वाढला की उचलून नेईन, असं तुम्ही सांगून ठेवलेलं. त्यांनी काय करावं मग? आधी ती अट काढा, आणि मग खरा आकडा मागा."

बायकोचं बरोबर असलं की मला राग जास्त येतो. रात्रभर आला. सकाळी उतरला. आत्याला घेऊन मी किकवीला गेलो. तिला वाटलं सामान भरायला आलोय. ती कपाटातली लुगडी काढून खाटेवर रचू लागली, एकावर एक. ते मला बघवेना.

"ठेव ती परत," मी म्हणालो. "आकडा कितीही येऊ दे. तू इथंच राहायचं. फक्त पट्टा तुझ्या दंडाला बांधायचा आणि गोळी रोज घ्यायची."

ती माझ्याकडे निरखून बघत राहिली. "शप्पत?"

"तुझी शप्पत."

"माजी नगं. म्या काय, आज हाय उद्या न्हाई. लेकीची घे."

कालच साखरपुडा झालेल्या लेकीची शपथ घ्यायला माझी जीभ अडली. पण घेतली. आत्या खाटेवर बसली आणि लुगड्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडली. मी तिला तोवर रडताना पाहिलंच नव्हतं. सुमन दारात उभी होती, तीही रडत होती. "दादा, माजी चूक झाली," म्हणाली. तिला काय बोलायचं? सांगितलेलं काम तिने इमानाने केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता पुण्यात माझा मोबाईल वाजला. १७८/९८. इतका वाईट आकडा, आणि मी तो बघून "शाब्बास!" म्हणून ओरडलो. लेक धावत आली, काय झालं म्हणून.

डॉक्टरांनी गोळी बदलली. आकडे हळूहळू उतरले. एकशे चाळीसच्या आसपास येऊन थांबले. आत्या आता फोनवर कबुलीजबाब द्यायची, "आज वाढलेला येईल, घाबरू नगंस. काल जत्रंत भजी खाल्ली." चहाडखोर यंत्राशी तिचं चांगलंच जमलं. दुपारी येणाऱ्या बायकांनाही ती पट्टा बांधायला लागली. "पाय सोडून बस. बोलू नगंस. च्या मागनं." एकदा मला आत्याच्या नावावर २००/११० आला आणि मी कारखान्यातूनच फोन केला. तो वरच्या आळीतल्या एका म्हातारीचा होता. आत्याने तिला त्याच दिवशी टेम्पोत घालून भोरला पाठवलं होतं.

अशी ती आणखी अडीच वर्षं जगली.

मग एका सकाळी तिला दम लागला. सुमनच्या नवऱ्याने भोरला हलवलं. मी पोचलो तेव्हा नाकाला नळी होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. पुण्याला न्यायचं तर न्या, मशीनवर ठेवतील, पण या वयात मी आशा लावणार नाही. चुलतभावाचा फोन आला, "पुण्यात राहतोस आणि आत्याला खेड्यात मरू देतोस? लोक काय म्हणतील?" बाहेर ॲम्ब्युलन्स उभी होती. मी खाटेशी वाकलो. आत्याने माझ्या शर्टाची बाही धरली. "इन्या, घरी," एवढंच म्हणाली. तेवढ्यालाही तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

मी ॲम्ब्युलन्सवाल्याला किकवी सांगितलं. शब्द दिला होता म्हणून सांगितलं. पण पुण्याचा रस्ता वेगळा होतो त्या कापूरहोळच्या फाट्यापर्यंत मनात धाकधूक होती, आणि खरं सांगायचं तर ती अजून गेलेली नाही. नेलं असतं तर वाचली असती का? मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नव्हतं.

घरी ती चार दिवस होती. दार उघडं, खाट मधल्या खोलीत. बायका येत होत्या, पायांशी बसत होत्या. चौथ्या दिवशी दुपारी मी अंगणात फोनवर होतो. सुमन एकटीच आत तिच्या उशाशी बसून हळू आवाजात काहीतरी बोलत होती. जरा वेळाने ती बाहेर आली आणि खांबाला धरून उभी राहिली.

"दादा, म्या माज्या घरचं सांगत व्हते. आत्या हं, हं करत व्हत्या. मग हं आलं न्हाई. पर मला कळलंच न्हाई. म्या बोलतच ऱ्हायले."

पुण्याच्या मशीनपाशी तिला कुणी काही सांगितलं नसतं. सुमनच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग मी तिथेच अंगणात खाली बसून रडलो.