महादेवच्या आजाचं झाड

सौंसरच्या वाचनालयाच्या फळ्यावर मी एकदा खोटा इतिहास लिहिला. आज नातीच्या पाटीवर ओला फडका फिरवला आणि भिजल्या खडूच्या वासानं ऐंशीच्या दशकातली ती सकाळ समोर आली.

मी शाळेत मास्तर, म्हणून फळ्यावरचा दिनविशेष माझ्याकडे. पुस्तकात काही सापडलं नाही, की मनानंच ठोकून द्यायचो. ‘आजच्या दिवशी तिगावच्या म्हशीनं रेल्वे अडवली’ वगैरे. लोक हसत आणि मी फुगत असे. त्या दिवशी लिहिलं, ‘आजच्या दिवशी महादेवच्या आजानं सौंसरात संत्र्याचं पहिलं झाड लावलं.’ ओळ फार जमली असं वाटलं होतं मला.

महादेव संत्र्याच्या बागेत मजूर. कोणीतरी त्याला ते वाचून दाखवलं. तो आंघोळ करून, धुतला सदरा घालून बागेत गेला आणि सगळ्यात जुन्या झाडाला हार घालू लागला. “उद्या बागही मागशीन,” म्हणत मालकानं त्याला कामावरून काढलं.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. “गंमत करून राहिलो होतो गा,” म्हणालो. त्याची बायको म्हणाली, “गंमतच कराची होती, तं तुमच्या आजाचं नाव लिहा लागत होतं न, मास्तर.”