मॅडमच्या मांडीतलं इंजेक्शन

आमच्या मॅडम पेशंटला कधीच "काय होतंय?" असं विचारत नसत. पेशंट स्टुलावर टेकला की पहिला प्रश्न, "काल काय खाल्लं? कुठे गेला होतात?" म्हणून आम्हा रेसिडेंट डॉक्टरांत त्यांचं नाव 'कालमॅडम' पडलं होतं. उल्हासनगरच्या अ‍ॅलर्जी ओपीडीत मी त्यांच्या हाताखाली शिकले.

घाई त्यांना खपत नसे. एकदा जांभूळ गावाहून एक बाई आली, अंगभर पित्ताच्या गांधी उठलेल्या. मी लगेच औषध लिहायला घेतलं. मॅडमनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "गांधी दिसल्या. बाई दिसली का तुला?" मग तिच्याशी गप्पा मारत बसल्या. भात, सुकट, जावेशी झालेलं भांडण, सगळं निघालं. शेवटी बाई म्हणाली, "गुडघं दुखतान ना मॅडम, म्हून मेडिकलवाल्याची गोली खातंय." गांधी त्या गोळीनेच उठल्या होत्या. मॅडमनी माझं पेन मला परत दिलं.

एका बाबतीत मात्र त्या उलटं शिकवायच्या. अ‍ॅलर्जीने घसा सुजला, बीपी पडायला लागलं की गप्पा बंद. "आधी मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मग विचार."

खिडकीबाहेर गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. एका दुपारी खिडकी लावताना मॅडमच्या मानेला माशी डसली. "काही नाही गं, मागेही चावली होती," म्हणत त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. त्याच्याशी बोलता बोलता त्यांचा आवाज घोगरा झाला. ओठ सुजले. टेबल धरायला गेलेला हात निसटला.

मला दिसत होतं, कळत होतं, तरी खरं वाटत नव्हतं. असं झालं की आम्ही ज्यांना हाक मारायचो, त्याच आता खुर्चीतून घसरत होत्या.

"मॅडम, देऊ?" मी विचारलं.

"मला नको विचारूस," त्या कशाबशा म्हणाल्या. "पेशंटकडे बघ."

साडीवरूनच मी त्यांच्या मांडीत सुई टोचली. मग आम्ही त्यांना आडवं केलं, पाय वर घेतले, ऑक्सिजन लावला. तरी बीपी लागेना, नाडीही लागेना. दुसरा डोस दिला. त्यानंतर कुठे मनगटाला नाडी लागली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्यांना भेटायला गेले, तर त्या उशीला टेकून बसलेल्या. "सुई टोचतानाच आडवं करायचं असतं," त्या म्हणाल्या. "खुर्चीत बसवून काय ठेवलंस मला?" मला हसावं की रडावं कळेना.

कामावर आल्यावर त्यांनी तीच केस मला सगळ्या रेसिडेंटांसमोर मांडायला लावली. स्वतः पहिल्या रांगेत बसल्या. "पेशंट, सत्तावन्न वर्षांच्या बाई," मी सुरुवात केली आणि नाडी लागेनाशी झाली तिथे येऊन तेच वाक्य दोनदा बोलले.

"घाबरली होतीस?" मॅडमनी विचारलं.

"हो, मॅडम."



"मीसुद्धा," त्या म्हणाल्या. "फार."